धावताना अचानक जोराची लागली तर काय करायचं?

बेळगावजवळ येळ्ळूरच्या रस्त्यावर, समोर राजहंसगड किल्ला दिसत असताना, मी एका मळ्यातल्या घरापुढं थांबले होते. नोव्हेंबरची पहाट होती, हवेत चांगलाच गारठा होता आणि माझ्या कपाळावर मात्र घाम. पोटात अशी कळ उठली होती की सरळ उभं राहवत नव्हतं. अंगण झाडणाऱ्या आजींना एवढंच म्हणाले, "आजी, संडास आहे का हो? पोटात कळ आलीय." त्यांनी खराटा भिंतीला टेकवला, माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मागं हाय बघ. बादलीत पाणी हाय. जा, लाजू नको." मी बाहेर आले तेव्हा हातावर पाणी घालायला त्या तांब्या घेऊन उभ्या होत्या. साबणाची वडी चुलीजवळच्या कोनाड्यातून काढून आणली होती, तिला थोडी राख लागलेली होती.

त्याआधी दोन वर्षं मी हा विषय कुणापाशी काढला नव्हता. त्या रविवारी मात्र व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आमच्या धावणाऱ्या बायकांच्या ग्रुपमध्ये सगळं सांगून टाकलं आणि एकेक जण बोलायला लागली. एकीनं याच भीतीनं दहा किलोमीटरच्या पुढं जाणं सोडलं होतं. दुसरी पहाटे काहीही न खाता-पिता पळायची आणि घरी येऊन चक्कर येऊन बसायची. म्हणूनच मी हे सविस्तर लिहितेय. माझा अनुभव असा की हा त्रास मनाच्या जोरावर दाबून ठेवता येत नाही. आदल्या रात्रीपासून पहाटे घराबाहेर पडेपर्यंत काय केलं आणि रस्ता कुठला निवडला, यावर तो बराचसा ठरतो.

हे होतं कशामुळं

धावताना शरीर रक्त मांड्या-पोटऱ्यांकडं आणि त्वचेकडं वळवतं, त्यामुळं आतड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो. फार जोरात धावलं तर तो विश्रांतीच्या वेळेपेक्षा ८० टक्क्यांपर्यंतही घटू शकतो. रक्त कमी पडलेलं आतडं नीट शोषून घेत नाही, चिडतं, आतला ऐवज पुढं ढकलतं. त्यात प्रत्येक पावलाला पोटाला हिसका बसतो. सायकल चालवणाऱ्यांपेक्षा धावणाऱ्यांना खालच्या पोटाचा त्रास जास्त होतो, त्याचं एक कारण हे हिसकेच. उन्हानं आणि पाणी कमी पडल्यानं हे सगळं वाढतं, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत तक्रारी जास्त येतात. स्पर्धेच्या दिवशी मनावरचा ताणही थेट आतड्यांपर्यंत पोचतो.

पहाटेची वेळही यात येते. झोपेतून उठल्यावर मोठं आतडं आपोआप जोरात हलायला लागतं. पोटात काही गेलं की ती हालचाल आणखी वाढते. चहा-कॉफी घेतल्यावर काही मिनिटांतच संडासला जावं लागणारी माणसं प्रत्येक घरात असतात. आता असं बघा, साडेपाचला उठायचं, घाईत चहा घ्यायचा आणि पावणेसहाला धावायला लागायचं, म्हणजे आतडं कामाला लागण्याच्या नेमक्या वेळी आपण रस्त्यावर असतो.

इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ हिला २००५ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर रस्त्याच्या कडेला बसावं लागलं होतं. तेव्हा महिलांच्या मॅरेथॉनचा जागतिक विक्रम तिच्याच नावावर होता. ती उठली, पुढं धावली आणि २ तास १७ मिनिटं ४२ सेकंदांत स्पर्धा जिंकली. इतक्या तयारीच्या बाईला हे होतं, तर तुम्हाला-मला होण्यात कमीपणा कसला?

पहिली पायरी : दोन आठवडे वही

काहीही बदलण्याआधी किमान दोन आठवडे लिहून ठेवा. रात्री काय आणि किती वाजता जेवलात, सकाळी काय घेतलं, पोट साफ झालं का, किती वाजता निघालात, कितव्या किलोमीटरला कळ आली, वेग किती होता. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी. घेत असलेली औषधं लिहा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना पातळ होणं हा नेहमीचा त्रास आहे. मॅग्नेशियम असलेल्या ॲसिडिटीच्या औषधांनीही तसं होतं. अशी गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. वेळ किंवा गोळीचा प्रकार बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं.

माझ्या वहीत तिसऱ्याच आठवड्यात उत्तर दिसलं. कळ नेहमी चौथ्या ते सहाव्या किलोमीटरच्या मध्ये यायची, आणि ती बहुतेक वेळा रविवारी. शनिवारी रात्री आमच्याकडं पाहुणे असतात, जेवण उशिरा होतं, आणि पानात मटकीची उसळ, कांदा-लसणाची चटणी, भाकरी आणि वर ताक असतं. यातलं एकही वाईट नाही. पण हे सगळं मिळून रात्री दहाला खायचं आणि सकाळी सहाला पंधरा किलोमीटर पळायचं, हे माझ्या पोटाला झेपत नव्हतं.

दुसरी पायरी : आदल्या दिवशीचं ताट

लांब पळायच्या आदल्या दिवशी चोथा कमी करायचा. स्पर्धा असेल तर दोन दिवस आधीपासून. एरवी आठवडाभर भाकरी, पालेभाजी, कडधान्यं भरपूर खा, ती सोडायची नाहीतच. फक्त त्या एका संध्याकाळी आतड्यात कमी ऐवज राहील असं बघायचं. कांदा, लसूण, गहू आणि कडधान्यं यांतले काही घटक लहान आतड्यात पचत नाहीत, पुढं जाऊन आंबतात, गॅस करतात आणि पाणी ओढतात. प्रत्येकाला याचा त्रास होतोच असं नाही, म्हणून तर वही.

माझं शनिवारचं ताट आता ठरलेलं आहे. साधा भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, सालं काढलेल्या बटाट्याची कांदा न घालता केलेली भाजी, चमचाभर तूप. आठच्या आत जेवण. आपल्याकडं तांदूळ घरचा असतो, त्यामुळं यात वेगळा खर्च नाही की खटपट नाही. रविवारचं मटण रविवारीच दुपारी, पळून आल्यावर.

दुधाची परीक्षा वेगळी घ्या. मोठेपणी अनेकांना दुधातली साखर पचत नाही आणि ते वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. पळायच्या आधी चोवीस तास दूध, खवा, कुंदा बंद ठेवून बघा. तीन-चार वेळा बघूनच ठरवा, एका दिवसावरून नको. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये आणि गोळ्यांमध्ये सॉर्बिटॉल किंवा झायलिटॉल असतं, त्यानंही पातळ होतं.

आणखी एक सवय सोडायला हवी. गुडघा दुखतोय म्हणून पळायच्या आधी आयबुप्रोफेन किंवा तसली दुखण्याची गोळी घेणारे मी बघते. या गोळ्यांनी आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि धावताना रक्त कमी असतं तेव्हा ती जास्त होते. पाणी कमी पडलेलं असेल तर मूत्रपिंडांवरही ताण येतो. दुखत असेल त्या दिवशी पळू नका.

तिसरी पायरी : निघण्याआधीचे दीड-दोन तास

सगळ्यात जास्त फरक इथं पडतो. निघायच्या वेळेपेक्षा किमान दीड तास आधी उठा. उठल्या उठल्या पेलाभर कोमट पाणी. चहा किंवा कॉफी घ्यायचीच असेल तर लगेच घ्या, म्हणजे तिचा परिणाम घरीच होऊन जाईल. निघताना दारात उभं राहून घेतलेला चहा दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरला गाठतो.

मग थोडं खा. मी भाताची पेज घेते, मीठ घालून, अर्धी वाटी. केळं चालतं, पण फार पिकलेलं नको. दोन इडल्या चालतात, चटणीशिवाय. पाच-सहा किलोमीटर हळू पळायचं असेल तर काही न खाल्लं तरी चालतं, लांब पळायचं असेल तर रिकाम्या पोटी जाऊ नका. भरपेट जेवण आणि धावणं यांत तीन-चार तासांचं अंतर हवं.

खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटं घरात फिरा. मग संडासला बसा, लागली नसली तरी. जोर लावायचा नाही, पाच-सात मिनिटं शांत बसायचं, मोबाइल बाहेर. रोज त्याच वेळी बसलात तर काही आठवड्यांत शरीराला ती वेळ कळते. उकिडवं बसण्याचा इथं खरा उपयोग होतो. गुदाभोवती एक स्नायू फासासारखा असतो, तो उभं असताना वाट वाकडी धरून ठेवतो. उकिडवं बसलं की तो सैल पडतो, वाट सरळ होते आणि पोट साफ व्हायला सोपं जातं. घरी कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येतील इतका.

तरीही खात्री वाटत नसेल तर घराजवळच दीड-दोन किलोमीटरची हळू फेरी मारा आणि घरावरून पुढं जा. कळ यायचीच असेल तर बऱ्याचदा त्या फेरीत येते. टिळकवाडीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं एवढं एकच केलं, बाकी काही बदललं नाही, आणि तिचं भागलं.

चौथी पायरी : रस्ता निवडणं

आपल्या भागात धावायला सुंदर रस्ते आहेत. कॅम्पातले झाडीचे रुंद रस्ते, खानापूर रोडनं पिरनवाडी-मच्छेकडं, वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा ओलांडून उचगाव फाट्यापर्यंत आणि तिथून पुढं बाचीकडं. सोय मात्र प्रत्येक रस्त्यावर वेगळी. शहरात मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन पहाटेही उघडं असतं. पैसे देऊन वापरायची शौचालयं पुष्कळ ठिकाणी सातपर्यंत कुलूपबंद असतात. हे पळताना कळून उपयोग नाही. एखाद्या दिवशी त्याच वेळेला स्कूटरवरून आपला नेहमीचा रस्ता फिरून या आणि कुठलं दार उघडं आहे ते बघा. पेट्रोल पंप, मोठी हॉस्पिटलं, कल्याण मंडप, ओळखीच्यांची घरं, सगळं लिहून घ्या.

त्रास चालू असेपर्यंत सरळ लांब जाऊन परत येऊ नका. दोन-तीन किलोमीटरच्या गोल फेऱ्या मारा, प्रत्येक फेरीत एक भरवशाची जागा येईल अशा. वहीत तुमचा धोक्याचा टप्पा दिसला असेल, माझा चौथा ते सहावा किलोमीटर होता, तर तोच टप्पा भरवशाच्या जागेजवळ येईल असा रस्ता आखा. मी आधी कॅम्पात दोन फेऱ्या मारते आणि मग हिंडलग्याकडं वळते.

गावातून जाताना घरात विचारायला संकोच करू नका. अंगणात बाई दिसली तर थांबून, नमस्कार करून विचारा. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. चिकोडी-हुक्केरीकडं किंवा बैलहोंगलच्या बाजूला पळत असाल तर कन्नड चार शब्द यायलाच हवेत. "अक्का, शौचालय एल्लि ऐती?" एवढं पुरतं, आणि "भाळ अर्जंट ऐती" म्हटलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही. पाट्या कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर "पुरुषरु" आणि "महिळेयरु" या दोन पाट्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, घाईत चुकीचं दार उघडलं जात नाही.

पाचवी पायरी : कमरेची पिशवी

पिशवीत टिश्यू पेपर, सॅनिटायझरची छोटी बाटली, पाव लिटर पाण्याची मऊ बाटली, सुटे पैसे आणि एक रिकामी झिपची पिशवी. बायकांनी पॅडही ठेवावं. गडद रंगाची पँट घाला आणि पातळ जॅकेट कमरेला बांधा. क्वचित कपडे खराब झालेच तर तेवढ्या आडोशानं घरी पोचता येतं, आणि तो आडोसा आहे म्हणून मन घाबरत नाही. घाबरलं की कळ वाढते, हे मी स्वतःवर अनेकदा बघितलंय.

सहावी पायरी : कळ आली त्या क्षणी

लगेच धावणं थांबवा आणि चाला. बहुतेक जण उलट करतात, घर गाठायला वेग वाढवतात. वेग वाढला की हिसके वाढतात आणि आतड्याचं रक्त आणखी कमी होतं.

कळ लाटेसारखी येते. चढते, टोकाला जाते आणि साधारण मिनिट-दोन मिनिटांत उतरते. ती टोकाला असताना चालूही नका. सरळ उभे राहा, पाय जवळ घ्या, गुदद्वाराचे स्नायू आवळा, दहापर्यंत मोजा, थोडं सैल सोडा, पुन्हा आवळा. हे स्नायू आवळले की वरच्या भागाला आकुंचन थांबवण्याचा निरोप जातो, शरीराची रचनाच तशी आहे. खाली बसू नका, पुढं वाकू नका, पोट आत ओढू नका. नाकानं सावकाश श्वास घ्या, पोट फुगू द्या, तोंडानं हळू सोडा. खांदे आणि जबडा सैल. लाट उतरली की त्या शांत वेळात चालत जवळच्या ठिकाणी जा. बरं वाटलं म्हणून पुन्हा पळायला लागू नका. पहिल्या लाटेनंतर पाच मिनिटांत दुसरी आली, तर ती बऱ्याचदा आणखी जोराची असते आणि तेव्हा धरून ठेवायचा हट्ट चालत नाही. आणि नुसता गॅसच आहे असं वाटलं तरी पोट बिघडलेलं असताना त्यावर विश्वास ठेवू नका.

हे स्नायू घरी रोज तयार करता येतात. दहा सेकंद आवळायचे, दहा सेकंद सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाळंतपणात हे स्नायू आणि तिथल्या नसा ताणल्या जातात, त्यामुळं अनेक बायकांना धरून ठेवणं अवघड जातं. मी स्वतः दुसऱ्या बाळंतपणानंतर हे अनुभवलंय. तीन महिन्यांच्या व्यायामानं फरक पडला. न पडल्यास या कामाच्या फिजिओथेरपिस्टकडं जावं, कुढत बसू नये. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळं गर्भाशयाबरोबर आतडंही आकुंचन पावतं आणि पातळ होतं. ते दिवस घराजवळच्या हळू फेऱ्यांसाठी ठेवा.

उघड्यावर जायची वेळ आलीच तर

शहरात, वस्तीत, शाळेच्या आवारात हे अजिबात नाही. दूरवर घर नाही आणि इलाज उरला नाही, तरच. विहीर, नाला, नदी, तळं यांपासून किमान ६० मीटर दूर जा. राकसकोपच्या जलाशयातून आपल्या शहराला पाणी येतं आणि मार्कंडेय नदीच्या काठावर शेतं आहेत, हे डोक्यात असू द्या. उभ्या भाजीत किंवा भातात जायचं नाही, ते कुणाचं तरी पोट आहे. उसातही शिरू नका. पाती कापतात, आणि उंदरांच्या मागं घोणस, नाग तिथंच असतात. पडीक जागा बघा, काठीनं माती उकरून वीतभर खोल खड्डा करा आणि नंतर मातीनं पूर्ण बुजवा. कागद आणि वाइप्स झिपच्या पिशवीतून परत आणा. पावसाळ्यात सगळं वाहून पाण्यात जातं, म्हणून जून ते सप्टेंबर मी घर किंवा पंप नसलेल्या रस्त्यावर जातच नाही. एकट्या बाईनं आडरस्त्याला जाण्यात पोटापेक्षा मोठा धोका असतो. जोडीदार रस्त्यावर उभी हवी.

घरी आल्यावर

पातळ झालं असेल तर नुसतं पाणी ढोसू नका. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, बहुतेक एक लिटर, पूर्ण मिसळा आणि घोट घोट घ्या. अर्धी पुडी अंदाजानं पेल्यात टाकायची नाही, प्रमाण चुकतं. दुपारी दहीभात किंवा पेज.

लोपरामाइडच्या गोळीबद्दल नेहमी विचारतात. ती आतड्याची हालचाल मंद करते. दर रविवारी पळायच्या आधी घ्यायची ही गोळी नव्हे. स्पर्धेसाठी घ्यावीशी वाटली तर आधी डॉक्टरांशी बोला. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ती घ्यायचीच नाही, आणि जास्त मात्रेनं हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो.

स्पर्धेच्या दिवशी

सुरुवातीच्या तासभर आधी पोचा, शौचालयाची रांग लांब असते. आल्या आल्या रांगेत लागा, बाहेर पडलात की पुन्हा रांगेत लागा. त्या दिवशी नवीन काहीही तोंडात घालायचं नाही. तिथं फुकट वाटलेलं एनर्जी जेल तर नाहीच. जेलमधली दाट साखर आतड्यात पाणी ओढून घेते, ते घ्यायचं तर सरावात महिना-दीड महिना घेऊन पोटाला सवय लावायची आणि प्रत्येक वेळी सोबत पाणी प्यायचं. पहिले दोन किलोमीटर शेजारणीशी बोलता येईल इतकेच हळू पळा.

डॉक्टरकडं कधी

शौचात रक्त दिसलं, डांबरासारखी काळी शौच झाली (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, तरी विचारून घ्या), वजन आपोआप उतरायला लागलं, रात्री झोपेतून उठून जावं लागलं, किंवा न पळणाऱ्या दिवशीही तीन-चार आठवडे पोट बिघडलेलं राहिलं, तर थांबू नका. लांब पळून आल्यावर पोटात दुखणं थांबेना आणि रक्त पडलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आतड्याला रक्त कमी पडून सूज आलेली असू शकते. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि जाताना ती वही बरोबर न्या. माझ्या डॉक्टरांनी आधी तिची तीन पानं वाचली, मग दोनच प्रश्न विचारले आणि दूध बंद करून बघायला सांगितलं.